उठलात कसे

सासूच्या खोकल्यानं घर जागं व्हायचं. त्या मंगळवारीही तसंच झालं, पण लुम्बानी त्याच्या कितीतरी आधीपासून जागी होती. सात महिन्यांच्या टेम्वाच्या छातीवर तिनं तळहात ठेवला होता. छाती वर येत होती, खाली जात होती. मग हात कपाळावर, मानेखाली, परत छातीवर. पोर गार होती. म्हणजे ताप नव्हता. आणि लगेच तिच्या मनात आलं, की जास्तच तर गार नाही ना? तिनं टेम्वाच्या गालाला चिमटा घेतला. पोर कुरकुरली. तेव्हा कुठं लुम्बानी उठली.

"उठवलंस ना परत तिला?" सासू दाराशी पाय चोळत बसली होती. "झोपलेल्या लेकराला रोज चिमटे काढणारी आई मी आजवर पाहिली नाही."

"भूक लागली असेल तिला, आत्याबाई."

"हो, भूक. चल, चावुला वडील प्रार्थनाघराचं दार उघडून बसले असतील."

सासूचं नाव न्याकुम्वेंडा. गुडघे धरलेले, पण पहाटेची प्रार्थना तिनं कधी चुकवली नव्हती. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती गेली होती, हे गावात अजून सांगत. लुम्बानीचा नवरा खाली तळ्यावर मासेमारीच्या होड्यांवर होता. महिन्याअखेरीला सुकट घेऊन यायचा. उरलेले दिवस घरात या दोघी आणि टेम्वा.

लुम्बानीनं कापडाची झोळी करून पोरीला पोटाशी बांधलं. या गावात लेकरू पाठीवर असतं. पाठीवर लेकरू असलं की पुढं कुदळ चालते, मुसळ चालतं, घागर डोक्यावर राहते. पोटाशी लेकरू बांधलेली ती एकटीच. रात्रभरच्या पावसानं वाट निसरडी झाली होती आणि पोटाशी भार असल्यानं पाय कुठं पडतो ते दिसत नव्हतं. दोनदा घसरली. सासू पुढून वळून पाहायची आणि परत चालू लागायची.

प्रार्थनाघर म्हणजे विटांच्या चार भिंती, वर पत्रा, आत बसायला मातीचे ओटे. पेरणी-खुरपणीच्या दिवसांत नऊ-दहा माणसं जमत. चावुला वडील पुढं उभे असत. धंद्यानं सुतार, मंडळीत वडील. वाकलेले, पण आवाज अजून खणखणीत. गीत झालं की ते एकेका घराकडं वळून विचारत. ही इथली सकाळची रीतच. वाटेवर, विहिरीवर, बांधावर, जो भेटेल तो विचारतो, उठलात कसे? विचारायचं एकाला, पण ते सगळ्या घराला असतं, आणि उत्तरही सगळ्या घराचं. चावुला वडील तर म्हणत, हीच खरी प्रार्थना. झोप म्हणजे रोजचं मरण. ज्यानं ख्रिस्ताला कबरेतून उठवलं तोच रोज आपल्याला चटईवरून उठवतो. म्हणून विचारायचं, आणि म्हणून उत्तर द्यायचं.

"न्यागोंडवे, उठलात कसे?"

"बरे उठलो, वडील. तुम्ही?"

"आम्हीही बरे. लुम्बानी, उठलात कसे?"

लुम्बानी टेम्वाच्या डोक्यावरच्या केसांकडं पाहत राहिली. पत्र्यावरून थेंब गळत होते. कुणीतरी घसा साफ केला.

"बरे उठलो!" सासूनं मोठ्यानं सांगितलं. अकरा महिने ती असंच सांगत होती. "तुम्ही, वडील?"

"आम्हीही बरे," चावुला वडील म्हणाले, पण नजर लुम्बानीवरून हलली नाही.

*

त्या आठवड्यात मक्याला मातीची भर लावायची होती. मका कमरेला आला होता, कणीस धरायला अजून महिना होता, आणि घरातल्या कणगीचा तळ हाताला लागत होता. अशा दिवसांत माणसं सकाळी पेज पितात आणि संध्याकाळी सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, खातात, मधे आंबे. सासू एका वरंब्याला, सून दुसऱ्या. सासूची कुदळ पडायची आणि माती आपसूक मक्याच्या बुडाशी जाऊन बसायची. लुम्बानीची कुदळ वाकडी पडायची, कारण ती पोटावरच्या पोरीला सांभाळून बाजूनं मारायची. दुपारपर्यंत तिच्या उजव्या कुशीत कळ भरली.

शेजारच्या रानातून न्यागोंडवे ओरडली, "अगं लुम्बानी! ते पोर आहे की चोरलेला भोपळा? इतकं पोटाशी लपवतेस ते!"

"तुझ्याच रानातला आहे, म्हणून लपवते."

"ने बाई, ने! माझ्या घरात असे सहा आहेत. दोन अजून घेऊन जा, नवरा यायच्या आत!"

लुम्बानी हसली. हसायला तिला येत असे. बाकी सगळं ती बोलायची, कामाचं, भांडणाचं, थट्टेचं. फक्त त्या एका प्रश्नाला तिच्याकडं उत्तर नव्हतं. वाटेवर कुणी विचारलं तर ती खाली बघून पुढं जायची. पहिले काही महिने लोकांनी दुःख म्हणून सोडून दिलं. नंतर बायका कुजबुजू लागल्या. सकाळचं उत्तर न देणारीच्या पोटात काहीतरी असतं म्हणाल्या. कुणावर तरी राग, नाहीतर त्याहून वाईट काही.

दुपार कलताना चावुला वडील बांधावर आले. पायांना चिखल, हातात टोपी. सासूनं लगबगीनं कुदळ ठेवली आणि गुडघे टेकून नमस्कार केला.

"रविवारी पाळक येताहेत," वडील म्हणाले. "चार लेकरांचा बाप्तिस्मा आहे. टेम्वा पाचवी व्हावी, असं माझ्या मनात आहे."

लुम्बानीचा हात झोळीवर गेला. "होय, वडील."

"पण आईनं पाळकांपुढं उभं राहून उत्तरं द्यावी लागतात. मंडळी मला विचारते, जी भावाबहिणींच्या सकाळच्या साध्या प्रश्नाला उत्तर देत नाही, ती देवाला कुठल्या तोंडानं देणार? कुणावर राग आहे का तुझा? असला तर सांग, आपण बसवू त्या माणसाला समोर."

"राग नाही, वडील."

"मग?"

तिनं झोळीची गाठ घट्ट केली.

"शनिवारी सकाळी मी विचारीन," ते म्हणाले. "दोन शब्द आहेत. सगळे म्हणतात. तू म्हण, मी पाळकांना टेम्वाचं नाव सांगतो. नाही म्हणालीस तर माझे हात बांधलेले आहेत, पोरी."

ते गेल्यावर सासू बराच वेळ तशीच चिखलात गुडघे टेकून राहिली. उठताना तिला कुदळीचा आधार घ्यावा लागला.

"दोन शब्द," ती म्हणाली. "दोन शब्दांसाठी याही लेकराला कुंपणाकडं पाठवशील का?"

लुम्बानीनं कुदळ उचलली आणि पुढच्या वरंब्याला लागली. डोळ्यांत घाम गेला होता, की काय ते तिनं पाहिलं नाही.

*

कुंपणाकडं वेझी होता. तिचा पहिला, दोन वर्षांचा. बाप्तिस्मा पाळकांच्याच हातून होतो, आणि तो जन्मल्यापासून पाळक या गावात येऊ शकले नव्हते. एकदा नदीवरचा पूल वाहून गेला, एकदा मोटारसायकल मोडली, एकदा ते स्वतः आजारी होते. तो गेला तो बाप्तिस्म्याशिवाय. तसल्या लेकराला या मंडळीत दफनाच्या वेळी स्त्री-मंडळ पांढरे सदरे घालून गात नाही. दोघा-तिघांनी कापडात गुंडाळून नेलं, वडील उभ्याउभ्या चार शब्द बोलले, आणि दफनभूमीच्या कडेला, शेळ्या आत येऊ नयेत म्हणून केलेल्या काटेरी कुंपणापाशी माती सारली. सासू स्वतः त्या मंडळाची प्रमुख. तिचा पांढरा सदरा त्या दिवशी पेटीतच राहिला.

गुरुवारी रात्रभर टेम्वाला पडसं होतं. नाक चोंदलं की पोर तोंडानं श्वास घ्यायची आणि त्या आवाजानं लुम्बानी उठून बसायची. उजाडेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढून ती एकच सकाळ पुनःपुन्हा जात राहिली.

वेझीला तापाचा दुसरा दिवस होता. पहाटे अंग चुलीसारखं तापलं. दवाखाना दोन तासांच्या वाटेवर. पोटात पाच महिन्यांची टेम्वा होती, तरी तिनं त्याला पाठीवर बांधलं आणि निघाली, तेव्हा सासू म्हणाली, आधी प्रार्थनेला चल. वडील त्याच्यावर हात ठेवतील, मग जा. देवाला ओलांडून जाऊ नकोस. ती गेली. त्या दिवशी शेजारच्या मंडळीचा पाहुणा आला होता, प्रार्थनाघर भरलं होतं. गीत झालं. चावुला वडिलांनी विचारलं, "लुम्बानी, उठलात कसे?" आणि तिनं उत्तर दिलं, "बरे उठलो, वडील. तुम्ही?" जीभ वळली ती आपोआप. पाठीवर पोर फणफणत होतं आणि ती म्हणाली, बरे उठलो. एवढ्या लोकांत, पाहुण्यासमोर, घरात आजार आहे हे सांगायला उभं राहायचं तिला सुचलंच नाही. मग प्रार्थना सुरू झाली. पाहुण्यासाठी, पावसासाठी, सरकारसाठी, तळ्यावरच्या माणसांसाठी. ऊन दाराच्या आत आलं तरी ती चालू होती.

मग वाट. वाटेत पाणी भरणाऱ्या बायका, शाळेचे मास्तर, कोळसेवाला, भेटले ते सगळे विचारत होते, उठलात कसे? आणि ती धापा टाकत सगळ्यांना सांगत होती, बरे उठलो, बरे उठलो, तुम्ही? न सांगता पुढं जाणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. दवाखान्याच्या ओट्यावर नर्सबाईनं गाठ सोडली, पोराला हातात घेतलं, आणि विचारलं, "कधीपासून असा आहे?"

कधीपासून, हे तिला माहीत नव्हतं. वाटेत कुणाला उत्तर देताना तो गेला, ते तिला आजवर कळलं नव्हतं.

*

शनिवारी प्रार्थनाघर नेहमीपेक्षा भरलेलं होतं. बाप्तिस्म्याच्या चारही लेकरांच्या आया पुढं बसल्या होत्या, नवी रंगीत कापडं नेसून. लुम्बानी मागच्या ओट्यावर. सासू तिच्या शेजारी, पाठ ताठ.

गीत झालं. वडील एकेका घराला विचारत आले. "बरे उठलो," "बरे उठलो, तुम्ही?" आवाज जवळ येत होता. लुम्बानीला तोंडात शब्द तयार झालेला जाणवत होता. तो म्हणायचा ठरवूनच ती आली होती. रात्रभर तिनं तो टेम्वाच्या कानात म्हणून पाहिला होता.

"लुम्बानी. उठलात कसे?"

ती उभी राहिली. टेम्वानं झोपेत ओठ हलवले.

"उठलो, वडील," ती म्हणाली. आणि पुढचा शब्द आला तो तयार केलेला नव्हता. "बरे नाही उठलो."

पुढच्या आया वळून बघू लागल्या. न्यागोंडवेनं तोंडावर हात ठेवला.

"हे उत्तर नाही, लुम्बानी," चावुला वडील हळू म्हणाले.

"माझ्यापाशी दुसरं नाही. दुसरं दिलं होतं मी एकदा. पोर पाठीवर मरत होतं तेव्हा इथंच दिलं होतं, तुम्हाला. नंतर वाटभर दिलं. परत नाही देता येत."

वडिलांनी सासूकडं पाहिलं. सगळे तिच्याकडंच पाहत होते; हिचा मोठा आवाज आता येईल आणि सगळं झाकलं जाईल, म्हणून.

"न्याकुम्वेंडा," ते म्हणाले, "तुम्ही सांगा. तुमच्या घराचं उत्तर काय?"

म्हातारीनं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. मग बोलली ती इतकी हळू, की पुढच्यांना ऐकायला मान वळवावी लागली.

"हिनं दिलं ते," ती म्हणाली. "ही त्या दिवशी दवाखान्याला निघाली होती. मी थांबवलं. आधी प्रार्थना म्हटलं मीच." आणि थोड्या वेळानं, "वर्ष होत आलं. घरात बसून हिला सांगता आलं नाही मला."

लुम्बानीनं सासूकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय झालं असतं ते तिला सांगता आलं नसतं. ती खाली बसली. दोघींचे खांदे एकमेकींना लागले, ओटा अरुंद होता म्हणून.

चावुला वडिलांनी पुस्तक उघडलं, मिटलं. "आपण प्रार्थना करू," ते म्हणाले. त्या दिवशीची प्रार्थनाही लांबच झाली, पण त्यांचा आवाज मधेमधे हरवत होता.

बाहेर आल्यावर सासूनं त्यांना गाठलं. "पोरीचं नाव?"

"मंडळीसमोर झालं ते सगळं," वडील म्हणाले. टोपी हातात फिरवत होते. "मी आता काय म्हणू? पाळक विचारतील. नियम मी केलेला नाही, न्याकुम्वेंडा."

"नाही. तुम्ही नुसता पाळता."

*

रविवारी पाळक चिखलानं माखलेल्या मोटारसायकलवरून आले. चार लेकरांच्या डोक्यावर पाणी पडलं. एक किंचाळलं, एक हसलं, लोकांना मजा वाटली. सासू पांढरा सदरा घालून मंडळाबरोबर पुढं उभी होती. तिला गावंच लागलं. लुम्बानी मागं. टेम्वा झोळीतून बाहेर हात काढून हवेत काहीतरी पकडत होती.

उपासना संपली तेव्हा पाळकांना पुढच्या गावी जायची घाई होती, आभाळ भरून आलं होतं. लुम्बानी मोटारसायकलीपाशी जाऊन उभी राहिली.

"कुणाचं बाळ हे?" पाळकांनी विचारलं. दमलेला, चांगला माणूस होता. चावुला वडिलांनी खाली वाकून त्यांच्या कानात काही सांगितलं. पाळकांनी मान हलवली.

"पुढच्या खेपेला, मुली. ईस्टरनंतर येईन. तोवर वडिलांचं ऐक, प्रार्थना सोडू नकोस."

"ईस्टरपर्यंत तापाचे दिवस आहेत, पाळक."

ते थांबले. त्यांनी हातमोजा काढून टेम्वाच्या डोक्यावर हात ठेवला, ओठ हलवले, मग मोजा परत घातला. मोटारसायकल दोन लाथांनंतर सुरू झाली. चाकाखालचा चिखल लुम्बानीच्या कापडावर उडाला.

पाऊस यायच्या आत दोघी घरी पोचल्या. चुलीपाशी सासूनं सिमाचा मोठा गोळा सुनेच्या ताटलीत टाकला आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी सगळी तिच्याचकडं सारली.

"तुम्हाला, आत्याबाई?"

"मला नको. पोरीला पाजतेस तू." मग चुलीकडं बघत, "उद्या येऊ नकोस. कुणी नाव ठेवणार नाही. मी सांगेन काहीतरी."

*

सोमवारी पहाटे पाऊस असा होता की अंगणापलीकडचं काही दिसत नव्हतं. सासूचे गुडघे रात्रीत सुजले होते. ती उठायला गेली आणि परत चटईवर बसली. टेम्वाचं नाक मोकळं झालं होतं. लुम्बानीनं तिच्या छातीवर हात ठेवला. वर, खाली. मग पोरीला झोळीत घेतलं, वर केळीचं पान धरलं.

"कुठं निघालीस?" सासू म्हणाली. "काल काय झालं ते विसरलीस?"

"नाही."

"मग कशाला जातेस?"

लुम्बानी उंबऱ्यात थांबली. खरंच कशाला, हे तिलाही माहीत नव्हतं. वेझी गेल्यावरही ती रोज गेली होती, न बोलता, न गाता, मागच्या ओट्यावर. सगळ्या सकाळी जाण्यासारख्या नव्हत्या आणि सगळ्या सकाळी ती गेली होती.

"जाऊन येते," ती म्हणाली. "तुम्ही उठू नका."

प्रार्थनाघरात चावुला वडील एकटेच होते. दाराशी पावसाकडं तोंड करून बसले होते. तिला पाहून त्यांनी घाईनं डोळ्यांवरून हात फिरवला आणि पुस्तक उचललं. तिनं केळीचं पान झटकलं, मागच्या ओट्यावर बसली. त्यांनी गीत म्हटलं नाही. विचारलंही नाही. सरळ पान उलटू लागले.

"वडील," लुम्बानी म्हणाली.

"हं."

"उठलात कसे?"

धाकट्यानं वडिलांना आधी विचारायची रीत प्रार्थनाघरात नव्हती. त्यांचं तोंड उघडलं. ते दोन शब्द तिथं नेहमी तयार असत. आले नाहीत. पत्र्यावर पाऊस धडधडत होता. म्हाताऱ्यानं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"त्याचा पाय लोंबत होता," ते म्हणाले. "तुझ्या कापडातून बाहेर. मी पाहिला त्या दिवशी. पोर आजारी आहे हे दिसत होतं मला. तू म्हणालीस बरे, आणि मला बरं वाटलं, कारण पाहुणा बसला होता. चांगली प्रार्थना होऊ द्यावी असं वाटलं. डोळे उघडले की आधी तो पाय दिसतो. रोज. तरी उठतो. बरा नाही उठत, लुम्बानी."

ती ऐकत राहिली. क्षमेचा शब्द तिच्या तोंडाजवळही आला नाही. पण त्या घरात कुणीतरी खरं उत्तर दिलं होतं, आणि ते तिनं शेवटपर्यंत ऐकलं. टेम्वा जागी झाली, कुशीत तोंड खुपसू लागली. लुम्बानीनं तिला पाजायला घेतलं आणि उठून पुढच्या ओट्यावर येऊन बसली; मागं छत गळत होतं.

"घ्या, वडील, प्रार्थना घ्या," ती म्हणाली. "लहान घ्या. आत्याबाई एकट्या आहेत घरी."

चावुला वडिलांनी टोपी काढली, आणि प्रार्थना लहान घेतली.